गव्हाणीचे गणित : नागपूर परिसरातील दुभत्या जनावरांचे पोषण आणि चाऱ्याची कार्यक्षमता

प्रस्तावना

नागपूरच्या महाल भागातील भोसल्यांचा वाडा हे एके काळी मोठ्या राज्याचे केंद्र होते. अठराव्या शतकात येथील फौजा ओरिसा-बंगालपर्यंत गेल्या. मराठी फौजांचे सामान डोंगराळ मुलखातून वेगाने वाहून नेण्यासाठी वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी या पट्ट्यातील गवळाऊ बैलांना मागणी होती आणि चपळपणाच्या निकषावरच या जातीची निवड होत गेली, असे पशुवंशाच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. म्हणजे ज्या जनावराकडून आज दुधाची अपेक्षा केली जाते, ते मुळात पळण्यासाठी घडविलेले आहे.

गवळाऊ गाय एका वेतात सरासरी सुमारे ६०० किलो दूध देते. नागपुरी म्हैस सुमारे १००० किलो देते आणि तिच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो. याउलट चांगल्या आहारावरील संकरित गाय अडीच-तीन हजार किलोपर्यंत जाते. या आकड्यांवरून ‘जात बदला, दूध वाढेल’ असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो अपुरा आहे, कारण गोठ्यात जात बदलली तरी गव्हाणीत पडणारा चारा बदलत नाही. प्रस्तुत लेखात याच बाजूचे विवेचन केले आहे.

कार्यक्षमता म्हणजे काय?

पाश्चात्त्य दुग्धव्यवसायात एक किलो शुष्क चाऱ्यामागे किती किलो दूध मिळाले, यावर आहाराची कार्यक्षमता मोजतात. उत्तम कळपांत हे प्रमाण दीडच्या आसपास असते. मांसोत्पादनात एक किलो वजनवाढीसाठी किती खाद्य लागले, हे पाहतात. मात्र तेथील जनावरांच्या खाद्यात मका, सोयाबीन यांसारखे माणसाला खाता येईल असे धान्य मोठ्या प्रमाणात असते. विदर्भातील जनावर प्रामुख्याने कडबा, तणस, कुटार आणि ढेप खाते. यांपैकी काहीच माणसाच्या ताटात येत नाही. न खाण्याजोग्या वस्तूचे खाण्याजोग्या वस्तूत रूपांतर किती झाले, असे मोजमाप लावले तर गवळाऊचे दूध तितके क्षुल्लक ठरत नाही.

तरीही एक गणित टाळता येत नाही. कोणतेही जनावर प्रथम स्वतःच्या निर्वाहासाठी ऊर्जा खर्च करते, दूध त्यानंतर. ४०० किलो वजनाची गाय दिवसाला पाच लिटर दूध देत असेल, तर तिने पचविलेल्या ऊर्जेचा जवळपास दोन-तृतीयांश भाग निर्वाहातच जातो. तीच गाय दहा लिटरवर आली की हा वाटा निम्म्यावर येतो. अर्धपोटी पाच गायींपेक्षा पोटभर तीन गायी अधिक दूध देतात, या गोठ्यातल्या अनुभवामागे हेच कारण आहे.

कोटीपोट आणि विदर्भाचा चारा

गायी-म्हशींच्या जठराचा पहिला मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. त्यातील असंख्य सूक्ष्मजीव तंतुमय चारा आंबवितात आणि त्यातून निर्माण होणाऱ्या आम्लांतून जनावराला ऊर्जा मिळते. म्हणून आहार प्रथम या सूक्ष्मजीवांना पुरला पाहिजे. आहारात प्रथिने सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेली की सूक्ष्मजीवांची वाढ मंदावते, चारा पोटात रेंगाळतो आणि जनावर खाणेच कमी करते. गव्हाच्या किंवा भाताच्या काडात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के असतात. नुसत्या तणसावर ठेवलेले जनावर पोट भरलेले दिसते, पण उपाशी असते.

विदर्भात ही अडचण गेल्या चार दशकांत वाढली आहे. १९८० च्या दशकापासून सोयाबीन पसरले आणि ज्वारीचे क्षेत्र आक्रसत गेले. ज्वारीबरोबर कडबाही गेला. सोयाबीनचे कुटार उरते खरे, पण त्याच्या काड्या कठीण असतात आणि जनावरे त्या गव्हाणीत टाकून देतात. पीकपद्धतीच्या चर्चेत धान्य आणि बाजारभाव यांची आकडेमोड होते. गमावलेल्या कडब्याची नोंद क्वचितच होते. तुरीचे व हरभऱ्याचे कुटार मात्र तुलनेने पौष्टिक असते. पूर्व विदर्भातील तणसात सिलिका व ऑक्झलेट असतात आणि ऑक्झलेट चाऱ्यातील कॅल्शियम बांधून ठेवते. त्यामुळे भातपट्ट्यात खनिज मिश्रण, साधारण ५० ग्रॅम रोज, ही चैन मानता येत नाही.

काडाची प्रत वाढविण्याचा सर्वपरिचित उपाय म्हणजे युरियाप्रक्रिया. १०० किलो काडास ४ किलो युरिया ४० ते ६० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थर दाबून प्लॅस्टिकने हवाबंद करायचे आणि तीन आठवड्यांनी उघडायचे. युरियापासून तयार होणारा अमोनिया तंतूंचे बंध सैल करतो आणि प्रथिनांची पातळी ७ टक्क्यांच्या वर जाते. उघडल्यानंतर चारा काही वेळ पसरून अमोनिया उडू द्यावा लागतो. सहा महिन्यांखालील वासरांना तो देऊ नये. युरिया थेट खाण्यात आल्यास विषबाधा होते.

हे तंत्र अनेक दशके शिकविले जात असूनही गोठ्यांत फारसे रुजले नाही. त्याचे खापर केवळ अज्ञानावर फोडणे अन्यायाचे होईल. सुगीच्या घाईत माणसे, पाणी आणि रोख पैसा एकाच वेळी लागतो. फायदा मात्र आधी जनावराच्या अंगावर दिसतो, दुधाच्या मापात नंतर.

ढेपेचा मोह

विदर्भ कापसाचा प्रदेश असल्याने सरकीची ढेप येथे सहज मिळते. तिच्यात २० टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात, त्यांतील काही भाग कोटीपोटात न विघटता पुढे जाऊन थेट जनावराच्या उपयोगी पडतो, आणि दुधाचा स्निग्धांशही सुधारतो. दर स्निग्धांशावर ठरत असल्याने गवळी ढेप सढळ हाताने घालतात. मात्र ऊर्जा कमी पडत असताना वाढविलेली प्रथिने मूत्रावाटे वाहून जातात; म्हणजे सर्वांत महाग घटकाचीच नासाडी होते. भरडलेले धान्य, चुनी, कोंडा आणि खनिजे यांच्या जोडीनेच ढेप सार्थकी लागते. गायीला अडीच लिटर व म्हशीला दोन लिटर दुधामागे एक किलो मिश्र खुराक, हा ठोकताळा त्यासाठीच आहे. ओलसर जागी साठवून बुरशी लागलेली ढेप तर आरोग्याचाही प्रश्न होते. देशपातळीवरील दूध-सर्वेक्षणाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ६४३२ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त आढळले होते. हे विष दुधात येते ते खाद्यातून.

गाय आली, चारा नाही

जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी पश्चिम विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली. तीत अनुदानावर दुधाळ जनावरे देण्याचाही समावेश होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच सुमारास दाखवून दिले की, अशा गायीचे खाणे काही घरांत माणसांच्या खर्चापेक्षाही जड होत होते. जनावर विकत घेता येते. त्याच्या मागचा चारा, पाणी, पशुवैद्य आणि दूधसंकलन ही साखळी एका आदेशाने उभी राहत नाही. २०१६ पासूनच्या विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पात संकलनाबरोबरच खाद्य व चाऱ्याकडे लक्ष दिले गेले, हा बदल स्वागतार्ह होता. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहार कार्यक्रमातही जनावराचे वजन, दूध व उपलब्ध चारा नोंदवून सर्वांत स्वस्त पुरेसा आहार काढून देतात. त्यामुळे दर लिटरमागे होणारे मिथेनचे उत्सर्जनही घटते, कारण मिथेन म्हणजे वाया गेलेली ऊर्जाच होय.

महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गायींबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे. म्हशींना ती लागू नाही. परिणामी भाकड गायी व थकलेले बैल यांचाही वाटा चाऱ्याच्या हिशेबात धरावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने देशी गायींना ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले, त्याच वेळी गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदानाचाही निर्णय झाला. अशा जनावरांना ढेपेची गरज नसते; प्रक्रिया केलेले काड, थोडा हिरवा चारा, खनिज मिश्रण आणि पाणी यांवर त्यांचा निर्वाह होतो. ढेप वाचते ती दुभत्या जनावरासाठी.

उन्हाळ्याचा मुद्दा नागपुरात वेगळा मांडावा लागतो. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना जनावर दुपारी चारा टाळते, कारण तंतुमय चाऱ्याच्या पचनातूनच शरीरात उष्णता निर्माण होते. म्हणून तणस-कुटार रात्री व पहाटे, बारीक करून, आणि खुराक थोडा थोडा विभागून द्यावा लागतो. एक लिटर दुधामागे तीन ते चार लिटर पाणी लागते, आणि तेही सावलीत ठेवलेले.