खिंडीतलं गाव, टोपीतली पिसं

ब्रियाँसाँ हे गाव समुद्रसपाटीपासून १३२६ मीटर उंचीवर आहे. आपलं महाबळेश्वर साधारण तेवढ्याच उंचीवर, किंबहुना थोडं वरच. पण महाबळेश्वर अठराव्या अक्षांशाजवळ आणि ब्रियाँसाँ पंचेचाळिसाव्या. त्यामुळे जानेवारीत इकडे स्ट्रॉबेरीच्या गाड्या लागलेल्या असतात, तेव्हा तिकडे छपरांवर बर्फाचे थर साचलेले असतात.

आमच्या घरात फ्रान्सच्या डोंगरातली सहल ठरली, तेव्हा मुलांना स्की शिकायचं होतं, मला किल्ले पाहायचे होते आणि सासूबाईंना सकाळचा चहा स्वतःच्या हातचाच हवा होता. नकाशावर बोट फिरवताना या तिन्ही गोष्टी एकाच दरीत सापडल्या. ती द्युराँस नदीच्या उगमाकडची, इटलीच्या सीमेला टेकलेली. आपल्याकडचे बहुतेक लोक फ्रेंच आल्प्स म्हटलं की शामोनी गाठतात. तिथली हिमशिखरं भव्य आहेत आणि १९२४ चं पहिलं हिवाळी ऑलिंपिकही तिथलंच. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याने ब्रियाँसाँची वाट धरावी असं मला मनापासून वाटतं. स्कीची केंद्रं आल्प्समध्ये पुष्कळ आहेत. सहाशे-सातशे वर्षं हिवाळा काढत आलेलं, स्वतःच्या कायद्याने नांदलेलं गाव आणि त्याच्या वेशीपासून वर जाणारा रोपवेचा पाळणा, हे दोन्ही एकत्र मिळणं मात्र दुर्मीळ.

या मुलखाची गोष्ट १३४३ सालापासून सांगायला हवी. दोफिने प्रांताचा धनी अंबेर दुसरा कर्जात बुडाला होता. इथल्या डोंगरी गावांनी पैसे गोळा करून त्याच्याकडून सनद घेतली: १२,००० फ्लोरिन रोख आणि वर्षाला ४,००० डुकाट. बदल्यात सरंजामी वेठ आणि जाच गेला, गावांना आपले पुढारी निवडण्याचा आणि कराची वाटणी आपसांत ठरवण्याचा हक्क मिळाला. कराच्या या वाटणीवरूनच गावांच्या संघांना ‘एस्कार्ताँ’ हे नाव पडलं. असे पाच संघ होते: ब्रियाँसाँ आणि केरास अलीकडे, तर उल्क्स, प्राजेला आणि शातो-दोफँ खिंडीपलीकडे. पाणलोटाची रेषा त्यांच्या मधून जात होती, पण माणसांना ती सीमा वाटत नव्हती. १७१३ च्या उत्रेख्तच्या तहात राजांनी तीच रेषा सीमा ठरवली आणि पलीकडचे तीन संघ सव्हॉयच्या ड्यूककडे गेले. उरलेल्या दोघांचा कारभार फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत टिकला.

हिशेब स्वतः ठेवायचा तर वाचता-लिहिता यायलाच हवं. म्हणून या दरीत साक्षरता फार लवकर रुजली, इतकी की इथले पुरुष हिवाळ्यात शेतीची कामं थांबली की खालच्या मैदानी गावांत मास्तरकी करायला जात. जत्रेच्या गर्दीत त्यांना ओळखावं कसं? टोपीत पिसं खोचलेली असत. एक पीस म्हणजे वाचन-लेखन शिकवतो, दोन म्हणजे हिशेबही शिकवतो, तीन म्हणजे लॅटिनही येतं. बर्फातून पायी उतरणारे ते मास्तर डोळ्यांपुढे आले की या जागेकडे नुसतं खेळाचं मैदान म्हणून बघवत नाही.

आता किल्ला. १६९२ मध्ये सव्हॉयचा ड्यूक व्हिक्टर अमाडेउस याने या बाजूने फ्रान्सवर स्वारी केली, आंब्रं आणि गाप ही गावं लुटली. त्याच वर्षी ब्रियाँसाँचा बहुतेक भाग आगीत गेला. चौदाव्या लुईने आपला दुर्गविद्येचा मुख्य माणूस धाडला: सेबास्तियाँ ल प्रेत्र द व्होबाँ. सपाट मुलखात व्होबाँची रीत ठरलेली होती. बसका तट, तारकाकृती आखणी, एका बुरुजाने दुसऱ्याची पाठ राखायची. इथे मात्र चहूकडे डोंगर. शत्रू वरून थेट गावात तोफ डागू शकेल, मग तारका काढून काय उपयोग? त्याने डोंगराच्या कलाप्रमाणे तट एकावर एक पायऱ्यांसारखे चढवले आणि भोवतीच्या उंचवट्यांवरही बांधकाम हवं असं सुचवलं. ते सालेत, तेत, रांदुइये हे किल्ले त्याच्या मृत्यूनंतर उभे राहिले. तेत आणि रांदुइये यांना गावाशी जोडायला १७३१ मध्ये द्युराँसच्या घळीवर आस्फेल्डचा पूल झाला. एकाच कमानीचा हा दगडी पूल पात्रापासून पन्नास मीटरांहून उंच आहे, आणि त्यावर उभं राहून खाली पाहिलं की छातीत धस्स होतं.

पन्हाळा पाहिलेल्याला ही अडचण लगेच समजेल. शेजारच्या टेकडीवरून गडावर तोफ डागता येते हे सिद्दी जौहरच्या वेढ्यात उघड झालं, आणि पुढे त्याच टेकडीवर महाराजांनी पावनगड उभारला. व्होबाँचा जन्म १६३३ चा, शिवाजी महाराजांचा १६३० चा. दोघांनाही डोंगराने एकच प्रश्न घातला होता. १६९२ च्या डिसेंबरात आल्प्समध्ये ही धावपळ चाललेली असताना तिकडे संताजी-धनाजी जिंजीच्या मोगली वेढ्यावर तुटून पडले होते. पुढे १७५० मध्ये तीच जिंजी बुसीच्या फ्रेंच फौजेने घेतली आणि १७६१ पर्यंत राखली. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत व्होबाँच्या बारा स्थळांचा समूह २००८ मध्ये गेला. मराठ्यांच्या बारा दुर्गांचा समूह, ज्यात जिंजीही आहे, जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत समाविष्ट झाला. बारा आणि बारा हा योगायोग खरा, पण मला तो सोडवत नाही.

वरच्या गावात पिन्यरोल दरवाजाने शिरावं. मुख्य गल्लीच्या मधोमध उतारावरून पाटाचं पाणी खळाळत असतं. लाकडी घरांच्या गावाला आगीची धास्ती कायमची, म्हणून हा पाट. भिंतींवर रंगवलेली सूर्यघड्याळं दिसतात. एकोणिसाव्या शतकात झार्बुला नावाचा फिरता चितारी या खोऱ्यांतून गावोगाव अशी घड्याळं काढत गेला. काटा नाही, चावी नाही, फक्त एक सळई आणि तिची सावली.

स्कीचा धागाही या तटबंदीतूनच निघतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रियाँसाँच्या छावणीतल्या पायदळाने नॉर्वेची ही लाकडी फळकुटं सीमेवरच्या गस्तीसाठी वापरून पाहिली, शिकवायची शाळा काढली. सुटीवर घरी गेलेल्या शिपायांनी ती कला आपापल्या गावांत नेली. १९०७ मध्ये जवळच माँजनेव्रच्या खिंडीत फ्रान्समधली पहिली आंतरराष्ट्रीय स्की स्पर्धा भरली. १९४१ मध्ये शाँतमेर्लला रोपवे झाला आणि सेर शव्हालिये हे केंद्र सुरू झालं. आज ते ब्रियाँसाँपासून मोनेतिए-ले-बँपर्यंतच्या गावांच्या डोक्यावर पसरलेलं आहे. एकूण सुमारे अडीचशे किलोमीटरच्या उतरणी आहेत. प्रोरेलचा पाळणा खुद्द ब्रियाँसाँतून निघतो, म्हणून गाडीवाचून भागतं.

केव्हा जावं? माझं उत्तर जानेवारी. नाताळाची गर्दी ओसरलेली असते, थंडी कडक पण बर्फ भरवशाचा. फेब्रुवारीत फ्रान्सच्या शाळांना प्रत्येकी दोन आठवड्यांची सुटी असते. देशाचे तीन विभाग पाडून ती पुढेमागे देतात, त्यामुळे जवळजवळ चार आठवडे डोंगर भरलेला आणि भाडी चढलेली. मार्चचा मध्यही चांगला, दिवस मोठा झालेला असतो. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो. राहण्याच्या जागेचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. म्हणून रद्द करता येण्याजोगं घर आधी धरावं, मग अर्ज.

घराविषयी मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण सहल तिथेच तरते किंवा बुडते. ‘झीत’ हा शब्द ओळखीचा करून घ्या. मालकाच्या घराला लागून किंवा स्वतंत्र, स्वयंपाकघरासह आठवड्यावर भाड्याने मिळणारं ते घर. फ्रान्सची खेडी ओस पडत होती तेव्हा बास-आल्पचे सेनेटर एमिल ओबेर यांनी ही कल्पना रुजवली. पडक्या घरांची डागडुजी व्हावी, शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळावं आणि शहरातल्या साध्या कुटुंबाला सुटी परवडावी. पहिलं झीत १९५१ मध्ये त्याच जिल्ह्यात उघडलं आणि १९५५ मध्ये ‘झीत द फ्राँस’ हा महासंघ झाला. त्यांची प्रतवारी गव्हाच्या लोंब्यांनी दाखवतात, सरकारी प्रतवारी ताऱ्यांनी. लोंब्या आणि तारे एकच समजू नयेत.

हिवाळ्यात ही घरं सहसा शनिवार ते शनिवार मिळतात, म्हणून विमानाचं तिकीट घर पाहून काढावं, उलट नव्हे. चादरी-टॉवेल भाड्यात आहेत का, शेवटची साफसफाई कोणी करायची, अनामत किती, हीटरचं बिल वेगळं आहे का, हे चार प्रश्न आधीच विचारावेत. पहिल्या पाळण्यापर्यंत बुटांसह चालत किती मिनिटं, हा पाचवा, आणि लहान मुलं असतील तर सगळ्यात महत्त्वाचा. आपल्यासाठी आणखी एक: या उंचीवर पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. छोटा कुकर न्यावा, पण शेगडी इंडक्शनची असेल तर त्याचा तळ चालतो का ते पाहावं. दिवसभर बर्फात राहून परतल्यावर गरम वरणभाताने जे सुख मिळतं, ते आल्प्समधल्या कुठल्याही चीजने मला दिलेलं नाही.

घर कोणाचं घ्यावं, यावरही माझं ठाम मत आहे. साठच्या दशकात सरकारने ‘हिम योजना’ आखून उंच माळांवर काँक्रीटची स्की-शहरं वसवली. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी ब्रियाँसाँजवळच्या व्हालुईज गावात भाषण करून तो वेग आवरला. पण वर्षातले बहुतेक दिवस बंद राहणारी सुटीची घरं हे आजही आल्प्सचं मोठं दुखणं आहे. तिकडे त्यांना ‘थंड खाटा’ म्हणतात. शाळेतल्या शिक्षिकेला, पाळणा चालवणाऱ्याला गावात भाड्याने घर मिळेनासं होतं. नोव्हेंबर २०२४ च्या कायद्याने नगरपालिकांना अशा भाडेघरांवर मर्यादा घालण्याचे जादा अधिकार दिले. आपण पाहुणे. जिथे मालक त्याच अंगणात राहतो, असं घर निवडणं आपल्या हातात आहे.

स्कीबद्दल थोडक्यात. उतरणींचे रंग हिरवा, निळा, लाल, काळा असे चढत्या अवघडपणाने जातात. पहिले तीन दिवस हिरव्यावरच राहा आणि शिक्षक घ्या. मुलांची प्रगती हिमकण, मग तारे अशा पदकांनी मोजतात, त्या पदकांसाठी ती पहाटे उठतात. बुटांचं माप पायाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतं, घरूनच मोजून जा. मोजे जाड नको, एकच आणि लांब हवेत. आखलेल्या उतरणीवर अपघात झाला तर खाली आणण्याचा खर्च फ्रान्समध्ये जखमी माणसाकडून वसूल होतो. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास विम्यांत हिमक्रीडा वगळलेली असते, तेव्हा पॉलिसीचं ते कलम वाचाच आणि गरज पडल्यास पाससोबत दिवसाचा विमा घ्या. हिमस्खलनाचा धोका एक ते पाच अंकांत रोज जाहीर होतो. आखलेली वाट सोडायची नाही, यावर नवशिक्याने चर्चा करू नये. गाडी भाड्याने घेणार असाल तर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या जिल्ह्यात हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या आहेत.

एक दिवस स्की बाजूला ठेवून केरासमधल्या सँ-व्हेराँला जावं. २०४० मीटरवरचं हे गाव म्हणजे खाली दगड, वर लाकूड. सूम संग्रहालय म्हणून जपलेल्या १६४१ च्या घरात गेलं की जुना हिवाळा कळतो. माणसं आणि गुरं एकाच खोलीत राहत. गुरांच्या अंगाची ऊब हीच शेगडी. गोठ्याशेजारी खाट, पाळणा, चरखा. कोकणातल्या जुन्या घरांत ओटीलगत गोठा पाहिलेला होता, पण तो सोयीसाठी. इथे गुरांवाचून बाळ थंडीने गेलं असतं.

दुसरा एक दिवस माँजनेव्रच्या खिंडीत. समोर शाबेर्ताँचं शिखर, ३१३१ मीटर. तिथे इटलीने आठ तोफांचे बुरूज उभारून ब्रियाँसाँवर रोखले होते. २१ जून १९४० रोजी फ्रेंच उखळी तोफांनी त्यातले सहा उद्ध्वस्त केले, आणि १९४७ च्या तहाने शिखर फ्रान्सकडे आलं. उतरणीवर मुलं हसत घसरत असतात, आणि याच खिंडीतून गेली काही वर्षं आफ्रिकेतून, अफगाणिस्तानातून आलेली माणसं रात्री, अपुऱ्या कपड्यांत फ्रान्समध्ये उतरतात. काहींचा बर्फात जीव गेला. ब्रियाँसाँतल्या रहिवाशांनी त्यांच्यासाठी आसरा उघडला, डोंगरात शोधायला जाणारेही गावचेच. आपल्याकडे त्याच खिंडीचा व्हिसा असतो. हे ठाऊक असूनच तिथे उभं राहावं.

परतीचा दिवस शनिवारच असणार, दहापर्यंत घर रिकामं करायचं. पॅरिसची रात्रीची गाडी संध्याकाळी सुटते. मधला दिवस वाया घालवू नका. दुपारच्या लोकल गाडीने खाली माँ-दोफँला उतरा, रात्रीची गाडी तिथेही थांबते. जाण्याआधी वेळापत्रक पाहा, रुळांच्या कामासाठी ती अधूनमधून बंद असते. सामान थोडं असेल तर वर चढून जा. गिल आणि द्युराँसच्या संगमावरच्या पठारावर व्होबाँने १६९३ मध्ये कोऱ्या जागी हे दुर्ग-नगर मांडलं. गिलेस्त्रच्या गुलाबी दगडात बांधलेल्या या गावाला कधी वेढा पडला नाही, आणि त्याने योजलेली वस्तीही कधी पुरती भरली नाही. १९४० मध्ये इटलीच्या विमानाचा बाँब शस्त्रागारावर पडला, तेवढाच त्याचा युद्धाशी संबंध. रोशाँबो बराकीच्या माळ्यावर लाकडी कमानींचं छप्पर आहे, ते दाखवण्याची वेळ आधी विचारून घ्या. खंदकात उन्हाळ्यात मार्मोट बागडतात, जानेवारीत ती जमिनीखाली झोपलेली असतात. तटावर चालताना आपल्याच पावलांचा बर्फातला आवाज येतो. अंधार पडायच्या आत खाली उतरायला लागा, वाट गोठलेली असते.