जॅकेट गळतंय की नुसतं मळलंय? पावसाळी सामानाचं वॉटरप्रूफिंग घरीच परत आणायचं कसं

महाड-पोलादपूर पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. रायगड चढायला निघा, ढवळ्याहून चंद्रगड करा किंवा नुसतं एसटी स्टँडवरून घरी जा, जॅकेटची परीक्षा होतेच. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात तक्रार ठरलेली: "नवीन होतं तेव्हा थेंब घरंगळून जायचे, आता आतून ओलं होतं." मग नवीन जॅकेट, बॅगेचं नवीन रेनकव्हर, नवीन टार्प. यातल्या बऱ्याच वस्तू दोन-तीनशे रुपयांत वाचतात. फक्त आधी नेमकं काय बिघडलंय ते ओळखायला हवं, कारण एका बिघाडाचं औषध दुसऱ्यावर लावलं तर वस्तू कायमची हातची जाते.

प्रश्न फक्त पैशांचा नाही. कपडे भिजलेले आणि वर वारा, असं असेल तर १५-२० अंश तापमानातही माणसाच्या अंगातली उष्णता झपाट्याने जाते. थरथर सुरू होते, बोटं वळत नाहीत, मग डोकं नीट चालेनासं होतं. यालाच हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्याला हिमालय लागत नाही, जुलैतला गडमाथा पुरतो. २८ जुलै २०१८ ला पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा स्थानिक गिर्यारोहक दोरांनी खाली उतरले होते. अशा कामात अंगावरचं जॅकेट ही चैनीची वस्तू नसते.

पाणी अडवतं कोण?

चांगल्या जॅकेटमध्ये दोन वेगळे पहारेकरी असतात. बाहेरच्या कापडावर एक अदृश्य रासायनिक लेप असतो, त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात. त्याच्यामुळे थेंब गोल होऊन घरंगळतो. आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, थर किंवा पातळ पडदा असतो. पाणी खऱ्या अर्थाने अडवतो तो हा. शिवणींवर आतून टेप चिकटवलेली असते, कारण सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दार.

तपासणी सोपी आहे. कोरड्या जॅकेटवर पाणी शिंपडा. थेंब न बनता कापड गडद झालं, तर डीडब्ल्यूआर थकलंय. मग कापडाचा खोलगट झोळा करून त्यात पेलाभर पाणी ओता आणि दहा मिनिटं थांबा. खालून कापडातून पाझरलं तर पीयू गेलं, फक्त शिवणीच्या रेषेवर थेंब आले तर टेप. आणि खालची बाजू कोरडी राहिली तर? मग आतला ओलावा तुमचा स्वतःचा घाम आहे.

हे शेवटचं कोकणात फार होतं. घामाची वाफ कापडातून बाहेर जाते ती आतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त दमट असेल तेव्हाच. जुलैत महाडची हवा आधीच पाण्याने भरलेली असते, त्यात बाहेरचं कापड भिजून चिकटलं की वाफ अडकते. पंधरा हजारांचं जॅकेटही इथे हरतं. चढताना चेन उघडी ठेवणं हाच त्यावरचा उपाय.

आधी धुवा, मग इस्त्री

डीडब्ल्यूआर थकलेलं दिसतं तेव्हा पुष्कळदा ते उडालेलं नसतं, मळाखाली दबलेलं असतं. घाम, तेल, चुलीचा धूर आणि सगळ्यात वाईट म्हणजे डिटर्जंट. डिटर्जंटचं कामच मुळी पाण्याला कापडात शिरायला मदत करणं, आणि त्याचा अंश धाग्यात राहतो. फॅब्रिक सॉफ्टनरही तसाच. जॅकेट कोमट पाण्यात थोड्या साध्या साबणाने धुवा आणि स्वच्छ पाण्यातून तीन-चारदा काढा. साबणाचा अंशही राहता कामा नये. पागोळ्यांचं पाणी मिळालं तर उत्तम, त्यात क्षार नसल्याने साबणाचा पांढरा थर बसत नाही.

पूर्ण वाळल्यावर लेबल बघा. इस्त्रीला मनाई नसेल तर वरून सुती कापड ठेवून, वाफ न सोडता, सगळ्यात कमी तापमानावर बाहेरून इस्त्री फिरवा. उष्णतेने लेपातले रेणू पुन्हा नीट उभे राहतात. खर्च शून्य. आतली टेप कुठे किंचित सुटली असेल तर तीही याच उष्णतेने कधीकधी परत चिकटते.

एवढं करूनही थेंब बनत नसतील तरच स्प्रे विकत घ्या. फ्लुओरिन असलेले जुने स्प्रे टाळा. त्यातली पीएफएएस रसायनं निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत, आणि कॅलिफोर्नियाने २०२५ पासून बहुतेक कपड्यांत त्यांच्यावर बंदी आणली आहे. मेणाचे किंवा सिलिकॉनचे पर्याय मिळतात.

आतला थर चिकट झालाय, पापुद्रे निघतायत

इथे धुणं-इस्त्री उपयोगाची नाही. दमट उष्ण हवेत पाण्याचे रेणू पीयूच्या साखळ्या तोडतात. आधी आंबूस वास, मग चिकटपणा, मग पापुद्रे. जॅकेटचं हे झालं तर बहुधा निरोप द्यावा. पण रेनकव्हर, टार्प, तंबूचं वरचं कापड वाचू शकतं, कारण त्यांना घाम बाहेर सोडायचा नसतो.

जुना थर गरम साबणपाण्यात भिजवून ब्रशने पूर्ण घासून काढा. कापड वाळलं की हार्डवेअरच्या दुकानातली शुद्ध सिलिकॉन सीलंटची ट्यूब घ्या (ॲक्रिलिक नको) आणि रंगारी वापरतात ते मिनरल टर्पेंटाइन. थिनर अजिबात नको, तो कापडच खराब करू शकतो. २० ग्रॅम सिलिकॉनला साधारण २५० मिली टर्पेंटाइन, झाकणाच्या बरणीत गाठी मोडेपर्यंत हलवायचं. आधी एका कोपऱ्यावर करून बघा. मग ब्रशने पातळ हात द्या, जादा फडक्याने टिपा आणि दिवसभर टांगून ठेवा. शिवणींवर हेच मिश्रण जरा दाट करून लावा. नंतर चिकट वाटलं तर अंगाला लावायची पावडर भुरभुरवा. काम उघड्यावरच करा, आसपास विडी, गॅस, चूल काही नको. टर्पेंटाइनची वाफ पेट घेते.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा: सिलिकॉन एकदा लागलं की त्यावर सिलिकॉनशिवाय काहीच धरत नाही. आणि शाबूत पीयूवर ते स्वतःही नीट बसत नाही. तिथे फक्त शिवण गळत असेल तर पीयूचा सीम सीलर घ्या.

सुती कापडासाठी तुरटी

कॅनव्हासची पिशवी, सुती ताडपत्री यांच्यासाठी जुनी युक्ती अजून चालते. अर्धा किलो साबण आठ लिटर गरम पाण्यात विरघळवून कापड त्यात बुडवा, वाळवा, मग पाव किलो तुरटी चार लिटर पाण्यात विरघळवून त्यात दोन तास भिजत ठेवा. साबण आणि तुरटी मिळून ॲल्युमिनियमचा साबण धाग्यातच तयार होतो, आणि तो पाण्यात विरघळत नाही. डिटर्जंट बारने हे होणार नाही, खरा साबणच हवा. आंघोळीच्या वडीवर टीएफएम ७६ टक्के किंवा जास्त लिहिलं असेल तर ती चालेल. धनगरांच्या घोंगडीला असलं काही लागत नाही, लोकरीच्या धाग्यावर तेलकट थर उपजतच असतो. म्हणूनच ती डिटर्जंटमध्ये बुडवू नये.

कोकणातली खरी अडचण: साठवण

आपल्याकडे पीयू पावसात कमी आणि माळ्यावर जास्त मरतं. बॅगेच्या तळाच्या कप्प्यात ओलंच कोंबलेलं रेनकव्हर सगळ्यात आधी जातं. ट्रेकहून आल्यावर सगळं सावलीत वाळवा. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत पुन्हा एकदा वाळवून, मूळच्या आवळ पिशवीत न भरता, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा. पेलाभर पाण्याची चाचणी मे महिन्यातच करा. सिलिकॉन लावायला कापड ठणठणीत कोरडं लागतं, आणि जुलैत पोलादपुरात रुमालसुद्धा वाळत नाही.