राजदूतांचा मानपान

लंडनमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कधीतरी एखाद्या दूतावासाच्या राष्ट्रीय दिनाचं निमंत्रण मिळतं. जाड कागद, वर राजचिन्ह आणि तळाशी पोशाखाची सूचना: 'लाउंज सूट किंवा राष्ट्रीय पोशाख'. म्हणजे शेरवानी आणि पैठणी दोन्ही नियमात बसतात. दाराशी यजमान राजदूत उभे असतात. रांगेतून पुढे सरकायचं, हस्तांदोलन करायचं, दोन शब्द बोलून आत जायचं. मग राष्ट्रगीतं, छोटंसं भाषण आणि हातात पेला घेऊन उभ्यानेच गप्पा. एका दालनात कितीतरी देशांचे प्रतिनिधी असतात, तरी 'आधी मान कोणाचा' म्हणून कोणी रुसून बसत नाही. आपल्याकडच्या लग्नघरांना न जमलेली ही किमया राजदूतांना साधली कशी?

ती सुखासुखी साधलेली नाही. याच लंडनमध्ये 30 सप्टेंबर 1661 रोजी स्वीडनचे नवे राजदूत येणार होते. त्यांच्या मिरवणुकीत राजाच्या बग्गीमागे पहिली बग्गी स्पेनची की फ्रान्सची, यावरून टॉवर हिलजवळ दोन्ही दूतावासांच्या माणसांत चक्क लढाई जुंपली. माणसं मेली, फ्रेंचांचे घोडेही मारले गेले. स्पेनवाल्यांनी कोणाला घोड्यांचा साज कापता येऊ नये म्हणून चामड्याखाली लोखंडी साखळ्या दडवल्या होत्या! बाजी त्यांनी मारली. पण फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने युद्धाची धमकी दिली आणि पुढच्याच वर्षी स्पेनला फ्रान्सपुढे माघार घ्यावी लागली.

यावरचा तोडगा निघायला दीडशे वर्षं गेली. 1815 च्या व्हिएन्ना परिषदेत ठरलं, की एका दर्जाच्या राजदूतांचा क्रम देशाच्या ताकदीवर नव्हे, तर त्यांच्या आगमनाची अधिकृत सूचना कोणत्या दिवशी दिली गेली त्यावर लागेल. 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या 16 व्या कलमातही हेच तत्त्व आहे: आधी कार्यभार घेणाऱ्याचा मान आधी. तारखेबरोबर वेळही धरली जाते. त्यामुळे सात लाखांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या लक्झेंबर्गचा राजदूत आधी रुजू झाला असेल, तर अमेरिकेच्या राजदूताला त्याच्या मागे उभं राहावं लागतं. सगळ्यांत ज्येष्ठ राजदूत हा साऱ्या राजदूतवर्गाचा प्रमुख, 'डीन'. अनेक कॅथलिक देशांत मात्र तो मान परंपरेने पोपच्या दूताला मिळतो आणि करारानेही ही प्रथा मोडलेली नाही.

आणखी एक गंमत. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये भारताचा राजदूत नसतोच. असतो तो उच्चायुक्त. राष्ट्रकुलातल्या देशांचा राजा एकेकाळी एकच होता. राजाने स्वतःकडेच राजदूत कसा पाठवायचा? म्हणून हे वेगळं पद निघालं. भारत प्रजासत्ताक झाला, तरी पदाचं नाव टिकलं. दर्जा मात्र राजदूताच्या बरोबरीचा.

तेव्हा असं निमंत्रण आलंच तर येणार की नाही ते वेळेत कळवा आणि स्वागताच्या रांगेत रेंगाळू नका. आत गेल्यावर मात्र भेटलेल्या राजदूताला जरूर विचारा, "आपण इथे कधी रुजू झालात?" त्यांचा या शहरातला मान त्या एका तारखेवर ठरलेला असतो.