राचोलचे पुराण

'पुराण' म्हटले की देवळाच्या सभामंडपातील पुराणिकबुवांचा स्वर आपल्या कानी घुमू लागतो. या स्वराची सवय असलेल्या सासष्टीच्या श्रोत्यांसाठीच फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने येशूचे चरित्र व उपदेश ओवीबद्ध केले. तो १५७९ साली गोव्यात आला, आणि १६१६ साली राचोल येथे त्याचे 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. ओव्या सुमारे ११ हजार, भाषा मराठी. ज्ञानदेव-एकनाथांनी मळलेली वाट या परदेशस्थाने आपल्या प्रभूचे गुण गाण्यासाठी धरली. स्वर्गासही वैकुंठ म्हटले.

ग्रंथारंभीच्या एका प्रसंगाकडे मात्र हिंदू वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींस विचारतो की, आमची जुनी पुराणे सुटली, त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही का देत नाही? १५६७ साली सासष्टीतील देवळे पाडली गेली, हे आठवले म्हणजे या प्रश्नाचा चटका बसतो. शत्रूवरही प्रीती करा, असे सांगणाऱ्या येशूची कथा त्याच सत्तेच्या छायेत रचली गेली, ही विसंगती कोणी झाकू नये. पण तेवढ्यासाठी या ओव्या परक्या मानणे आम्हांस मान्य नाही.

सत्तेला तरी त्या कोठे मानवल्या? १६८४ साली तिने देशी भाषेविरुद्धच हुकूम काढला. सतराव्या शतकातील छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. मंगळूरकडच्या ख्रिस्ती समाजाने हस्तलिखिते जपली, म्हणून १९०७ साली तेथे ग्रंथ पुन्हा छापता आला. देवनागरी आवृत्तीसाठी १९५६ साल उजाडावे लागले.