भोरहून बोगोटा : पहिल्या फेरीची तयारी

‘तोरणा दहादा चढलोय, मला उंचीचं काय सांगता?’ असं म्हणणारा माणूस भोर-वेल्ह्यात घरोघरी सापडतो. कोलंबियाच्या राजधानीला निघताना ही ऐट घरी ठेवून निघावं. तोरणा १४०३ मीटर. बोगोटा शहर सुमारे २६४० मीटरवर, म्हणजे दुपटीला थोडंच कमी. शिवाय तोरण्यावर आपण सकाळी चढतो आणि संध्याकाळी वेल्ह्यात उतरून जेवतो. बोगोटात झोपायचंही त्याच उंचीवर असतं. तिथल्या हवेत दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीपेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी. पहिल्या रात्री डोकं जड होणं, झोप मोडणं, दोन जिने चढून धाप लागणं हे सगळं अपेक्षितच धरायचं. म्हणून पहिले दोन दिवस सपाटीवरच फिरायचं, पाणी भरपूर प्यायचं (नळाचं चालतं) आणि मद्य टाळायचं.

पण तयारी सुरू होते ती लसीपासून, आणि लोक चुकतात तेही इथेच. पीतज्वर म्हणजे यलो फीव्हर डासांमुळे पसरतो. बोगोटाच्या थंडीत तो डास नाही, त्यामुळे फक्त शहरातच राहणाऱ्याला वैद्यकीयदृष्ट्या लसीची गरज सहसा पडत नाही. तरीही घ्यायची, कारण परत यायचं आहे. डेंग्यूचा डास आपल्याकडे रग्गड आहे आणि तोच पीतज्वरही पसरवतो. रोग मात्र अजून भारतात शिरलेला नाही. तो शिरू नये म्हणून यादीतल्या देशांतून येणाऱ्याचं पिवळं प्रमाणपत्र विमानतळावर बघतात. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कोलंबिया त्या यादीत आहे, आणि यादी देशाकडे बघते, शहराच्या उंचीकडे नाही. लस गावातल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य, मग जन्मभर चालतं. निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही.

व्हिसाचा अर्ज ऑनलाइन करता येतो. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा पुरेशा मुदतीचा व्हिसा असेल तर भारतीयांना सवलत आहे, पण हे नियम बदलतात. तिकिटाआधी कोलंबियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. मुंबईहून थेट विमान नाही. इस्तंबूल किंवा युरोपमार्गे जावं. अमेरिकेतून जाणारं तिकीट स्वस्त दिसतं, पण तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ‘चेक-मिग’ नावाचा फॉर्म भरायचा असतो. तो फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की बंद करावं.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग : पत्ता. आपल्याकडे पत्ता म्हणजे ‘राजवाड्याच्या मागे, कुणालाही विचारा’. बोगोटात कुणालाही विचारावं लागत नाही. शहराच्या पूर्वेला डोंगरांची भिंत आहे, ती बहुतेक ठिकाणांहून दिसते. डोंगराला समांतर जाणारा रस्ता ‘कारेरा’, डोंगराकडे जाणारा ‘काये’. काये उत्तरेकडे वाढत जातात, कारेरा डोंगरापासून पश्चिमेकडे. सुवर्ण संग्रहालयाचा पत्ता आहे ‘कारेरा ६, १५-८८’. म्हणजे सहाव्या कारेरावर, पंधराव्या कायेच्या कोपऱ्यापासून अंदाजे ८८ मीटर. डोंगर उजव्या हाताला असला की तोंड उत्तरेला. एवढं कळलं की मोबाइल खिशातच राहतो, आणि ते बरंच. चोराला संधी देऊ नये यासाठी तिथे म्हण आहे, ‘पपई देऊ नको’. (संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवून आखणी करा.)

बस तर आपल्या ओळखीची निघते. स्वारगेटला जाताना कात्रजनंतर रस्त्याच्या मधोमध जी बीआरटी लागते, ती पुण्याने २००६ मध्ये सुरू केली, आणि तिच्यासमोर नमुना होता बोगोटाच्या ट्रान्समिलेनिओचा. तिथे ही बससेवा डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. तिकीट बसमध्ये काढत नाहीत. स्थानकाच्या फाटकावर कार्ड टेकवायचं. कार्डाचं नाव ‘तुयावे’, म्हणजे ‘तुझी किल्ली’. मराठी कानाला मात्र ते आमंत्रणच वाटतं. बसच्या नावातलं अक्षर ती कुठल्या भागात चालली आहे ते सांगतं, त्यामुळे परतीच्या बसचं अक्षर वेगळं असतं. गेलो त्याच नावाची बस शोधत उभे राहिलात तर उभेच राहाल. संध्याकाळच्या गर्दीचं वर्णन ज्यांनी स्वारगेट पाहिलं आहे त्यांना नको.

कपडे डिसेंबरातल्या महाबळेश्वरचे, वर्षभर. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर पावसाचे, तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. वीज ११० व्होल्टची. मोबाइलचा चार्जर चालतो, घरची किटली नीट तापत नाही. वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. इंग्रजी फार ठिकाणी चालत नाही, म्हणून स्पॅनिश आकडे तरी पाठ करावेत. नोटा हजारांत असतात, सगळ्यात मोठी एक लाख पेसोंची. शाकाहाऱ्याने नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणू नये : कार्ने म्हणजे बहुधा लाल मांस, कोंबडी त्यात धरतीलच असं नाही. ‘नि पोयो’ जोडावं.

मोन्सेराते डोंगर तिसऱ्या-चौथ्या दिवसासाठी राखून ठेवा. माथा ३१५२ मीटरवर, म्हणजे शहरापासून चढ जेमतेम पाचशे मीटरचा. तोरण्याहून कमी, पण हवा विरळ. पायऱ्यांची वाट आहे, आणि १९२९ पासून रुळांवरून ओढली जाणारी गाडीही. गाडीनेच वर जा. माथ्यावरून खाली कायेंच्या रेघा आखलेल्या दिसतात. आपल्या हॉटेलचे आकडे माहीत असले तर त्यातली आपली गल्ली बोटाने दाखवता येते.