गरम पाण्याची कुंडे आणि कामगाराची रजा



भर वैशाखात, पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकलेला असताना, नागपूरकरांपुढे उभे राहून गरम पाण्याच्या स्नानाची महती सांगणे हा काही शहाणपणा नव्हे, हे मलाही कळते. आपल्याकडे या दिवसांत नळाचे पाणीच कढत येते. त्यासाठी कोकणात जाण्याची गरज नाही. परंतु ज्या सहलीबद्दल मी बोलणार आहे ती हिवाळ्यात करावयाची आहे, आणि कष्टकऱ्याच्या घरात हिवाळ्यातील बेत उन्हाळ्यातच आखावा लागतो. रजा मिळवायची, पैसा साठवायचा, तिकीट काढायचे. या तीन गोष्टींना सहा महिने सहज लागतात.

मी भूगर्भशास्त्रज्ञ नव्हे आणि वैद्यही नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली, मागावर उभा राहिलो, आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील एका लाकडी कपाटाने दिले. हा विषय माझ्याकडे आला तो रजेच्या अर्जावरून. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील आमच्या बारा सभासदांनी एकाच वेळी रजा मागितली. अर्जात खरे कारण लिहिले : ‘कोकणातील गरम पाण्याची कुंडे व समुद्र पाहणे.’ साहेबांनी अर्ज परत केले आणि विचारले, “घरी लग्न नाही, मयत नाही, मग रजा कशाला?” रजा अखेर मिळाली, त्याला दोन महिने लागले. पण साहेबांचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही, कारण आमच्यातीलही पुष्कळांना तो बरोबरच वाटला होता. आजारपण, लग्न आणि मरण यांवाचून कामगाराला सुटीचे कारण असू शकते, हे आम्हालाच पटलेले नव्हते.

वास्तविक ही लढाई जुनी आहे. 1936 साली फ्रान्समध्ये मोठे संप झाले आणि त्यातून दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा झाला. त्या उन्हाळ्यात सवलतीच्या तिकिटांवर हजारो कामगार कुटुंबे समुद्रकाठी गेली. त्यांतील कित्येकांनी समुद्र प्रथमच पाहिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने भरपगारी रजेचा करार संमत केला. आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्याने वर्षात 240 दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. हिशेब केला तर वर्षाला निदान बारा दिवस होतात. ही रजा म्हणजे साहेबांची मेहेरबानी नव्हे; शरीराची झीज भरून काढण्यासाठी ती आहे.

आता त्या बारा दिवसांतील पाच-सहा दिवस कोकणातच का घालवावे? तर नागपूर हे देशाच्या मध्यावरचे शहर, येथून समुद्र कोणत्याही बाजूने दूर. उभ्या आयुष्यात समुद्र न पाहिलेली माणसे आपल्या वस्त्यांत घरोघर सापडतील. आणि कोकणात समुद्र व गरम पाण्याचे झरे हे दोन्ही एकाच मुक्कामातून पाहता येतात. आजकाल मुले मोबाइलवर आइसलंडमधील ‘ब्लू लगून’ची चित्रे दाखवतात. तेही समुद्राजवळचेच ठिकाण, पण त्याचे तळे नैसर्गिक नाही. शेजारच्या भूऔष्णिक वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्याचे ते बनले आहे. तेथील प्रवेशाच्या पैशात आपल्या माणसाची सगळी कोकणयात्रा होईल.

उत्तरेस पालघर-ठाण्यापासून दक्षिणेस राजापुरापर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील सुमारे तीनशे किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्ट्यात गरम पाण्याचे झरे ओळीने आहेत. तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी. रायगडात पालीजवळ उन्हेरे आणि महाडजवळ सव. रत्नागिरीत उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि राजापूरजवळचे उन्हाळे. गावांची नावे पाहा : उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. ऊन पाणी जेथे निघते ते गाव, असे नावच सांगते.

हे पाणी तापते कसे? पुष्कळांची समजूत अशी की खाली ज्वालामुखी धुमसत असावा, किंवा गंधक जळत असावा. यांपैकी काहीही नाही. दख्खनचा काळा कातळ लाव्हारसाचा आहे हे खरे, परंतु तो रस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. त्याची धग केव्हाच निवाली. खरी गोष्ट साधी आहे. विहीर खणणाऱ्याला किंवा खोल कोळसाखाणीत उतरणाऱ्याला ठाऊक असते की जमिनीच्या पोटात ऊब आहे. सर्वसाधारणपणे दर किलोमीटर खोलीला 25 ते 30 अंश उष्णता वाढते. सह्याद्रीवर मुसळधार पडलेले पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून खोल झिरपते, तेथे तापते, आणि वरून येणाऱ्या नव्या पाण्याच्या दाबाने दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येते. वाटेत ते खडकातील क्षार विरघळवून घेते. वर येण्यास वेळ लागला किंवा थंड पाणी मिसळले तर ते कोमट होते. वाट सरळ असली तर पोळते. म्हणूनच एका झऱ्यात सुखाने बसता येते, तर दुसऱ्यात हात घालवत नाही. उन्हवरे आणि तुरळ येथे उगमाचे पाणी साठ अंशांच्या वर जाते. एवढे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. तेथे पुढील कुंडात निवलेल्या पाण्यातच स्नान करावे, आणि मुलाचा हात सोडू नये.

आता बेत कसा आखावा ते सांगतो. काळ मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा उत्तम. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक निराळे व संथ असते, नद्यांना पूर येतात. आणि उन्हाळ्यातील दमट हवेत गरम पाण्यात बसणे ही शिक्षाच. नागपूरहून रात्रीच्या गाडीने मुंबई, आणि तेथून कोकण रेल्वेने चिपळूण किंवा संगमेश्वर. आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. त्या दिवशी सकाळीच तिकीट काढावे, कारण कोकणच्या गाड्यांना गर्दी फार. चिपळूणला अधिक गाड्या थांबतात म्हणून तेथे उतरणे सोयीचे. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने किंवा गट मोठा असल्यास जीप ठरवून महामार्गाने दक्षिणेकडे निघावे. आधी आरवली, मग तुरळ, आणि जवळच आत राजवाडी. तीनही ठिकाणे एका दिवसात आरामात होतात. तिसरा दिवस समुद्राचा : गणपतीपुळे आणि रत्नागिरी. चौथ्या दिवशी राजापूर व उन्हाळे, आणि मग परतीचा प्रवास. शनिवारी रात्री निघाले तर पुढच्या शनिवारपर्यंत माणूस घरी असतो. महामार्गाच्या रुंदीकरणाने आसपासचे रूप पालटले आहे, तेव्हा कोणते कुंड स्नानास खुले आहे याची चौकशी मुक्कामाच्या गावी करूनच पुढे जावे.

ज्यांना एवढी रजा वा पैसा जमणार नाही, त्यांच्यासाठी जवळची ठिकाणेही आहेत. किनवटच्या बाजूला उनकेश्वर आहे आणि जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. तेथे समुद्र नाही, पण पाणी तसेच ऊन.

पैशाचा मार्ग आम्ही काढला तो भिशीचा. बारा जणांनी वर्षभर दरमहा ठराविक रक्कम घालायची, आणि ती कोणीही मध्येच उचलायची नाही. खजिनदार म्हणून एका भगिनीला नेमले, आणि सहलीतील सर्वांत उपयुक्त प्रश्नही तिनेच विचारला : “तेथे बायकांना आडोसा आहे का?” आम्हा पुरुषांना तो सुचलाच नव्हता. काही ठिकाणी स्त्रियांसाठी निराळे कुंड असते, काही ठिकाणी नसते. म्हणून पहाटेची वेळ साधावी आणि एक जुने लुगडे आडोशासाठी बरोबर ठेवावे. आणखी एक सूचना : ज्या पाण्याला गंधकासारखा वास येतो त्यात चांदी काळी पडते. पैंजण, जोडवी खोलीवर ठेवून जावे. सोन्याला काही होत नाही, पण ते आपल्यापैकी कितीजणांकडे आहे!

यानंतर मुख्य गोष्ट : या पाण्याने रोग बरे होतात काय? कुंडाकाठी कोणी ना कोणी तसे छातीठोकपणे सांगतो. मला जे समजले ते असे. ऊन पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल होतात, आणि पाण्याने शरीर उचलून धरल्यामुळे गुडघ्यांवरचा व कमरेवरचा भार हलका होतो. आठ तास उभे राहून काम करणाऱ्याला हा आराम थोडाथोडका नव्हे. परंतु तो आराम आहे, औषध नव्हे. झिजलेला सांधा पाण्याने भरून येत नाही, आणि मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी कुंडाच्या भरवशावर बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

आराम घेण्यालाही मर्यादा आहे. पाणी 40 अंशांच्या आसपास असावे, म्हणजे अंगाला सुखद लागावे, लाल करू नये. पहिल्या वेळी दहा मिनिटे पुरेत. भरल्या पोटी किंवा दारू पिऊन उतरू नये. हृदयविकार असलेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय पाण्यात बसू नये. उघडी जखम असलेल्याने तर मुळीच उतरू नये. मधुमेह्याने पाण्याची उष्णता पायाने अजमावू नये, कारण पुष्कळदा त्याच्या पायाची संवेदना मंदावलेली असते, कोपराने अजमावावी. डोके बुडवू नये व नाकात पाणी जाऊ देऊ नये. कोमट, साचलेल्या पाण्यात एक सूक्ष्म जीव राहू शकतो, तो नाकावाटे मेंदूत शिरतो. असे क्वचितच घडते, पण घडले तर माणूस बहुधा वाचत नाही. श्रद्धेने डोक्यावर पाणी घ्यायचे असेल त्याने घरचे शुद्ध पाणी घ्यावे. देव रागावणार नाही.

हे सारे मी पुस्तकातून शिकलो असे नाही. आमच्या पहिल्या सहलीत एक जुना सोबती, वय अठ्ठावन्न, कंबर कायमची धरलेली, कुंडात बसला तो उठेचना. अर्धा तास झाला. आम्ही हाका मारल्या तर म्हणे, “तीस वर्षांत पहिल्यांदा कंबर दुखत नाही, बसू द्या.” आणि मग तो झटकन उभा राहिला आणि तसाच कोसळला. उष्णतेने रक्तदाब उतरला होता. दोघांनी धरला म्हणून डोके दगडावर आपटले नाही. सावलीत आडवा केला, पाय उंच ठेवले, शुद्धीवर आल्यावर पाणी दिले. चूक त्याची नव्हती, माझी होती. बेत मी आखला होता आणि वेळ पाहायला माणूस नेमला नव्हता. तेव्हापासून दर सहलीत एकजण काठावर घड्याळ घेऊन बसतो, आणि उठताना प्रत्येकाने आधी काठावर दोन मिनिटे बसायचे असा नियम आहे.

दुसऱ्या दिवशी तोच सोबती गणपतीपुळ्याला वाळूत बसला होता. तेथील समुद्र दिसतो तेवढा सौम्य नाही. ओढ जबर आहे आणि माणसे बुडाली आहेत, म्हणून घोट्याच्या वर पाण्यात जायचे नाही असे आम्ही ठरवले होते. तो तेवढेही गेला नाही. बराच वेळ पाहत राहिला आणि मग मला म्हणाला, “हे इथं नेहमीच असं चालू असते का? रातपाळीलाही?” मी म्हटले, “हो, रातपाळीलाही.” तो हसला आणि म्हणाला, “मग याला रजा नाही.”

परत आल्यावर त्याची कंबर पूर्वीसारखीच दुखू लागली. पण पुढच्या वर्षीच्या भिशीत पहिले नाव त्याने लिहिले, दोन माणसांचे, कारण बायकोने समुद्र पाहिलेला नव्हता. रजेच्या अर्जातील कारणाच्या रकान्यात त्याने काय लिहावे असे मला विचारले. मी सांगितले, मागच्या वेळी लिहिले तेच लिहा.

 ज्यांना यंदाच्या हिवाळ्यात यायचे असेल त्यांनी भिशीचा पहिला हप्ता ज्येष्ठातच द्यावा. मार्गशीर्ष दिसतो तेवढा दूर नाही.