दुसऱ्या आवृत्तीचा अधिकार

२००५ साली कोट्टायमच्या डी. सी. बुक्स या प्रकाशनसंस्थेने मल्याळम भाषेत एक आत्मचरित्र प्रसिद्ध केले. लेखिकेचे शालेय शिक्षण तिसरीपलीकडे गेलेले नव्हते. तरीही पहिल्या शंभर दिवसांत या पुस्तकाच्या सुमारे तेरा हजार प्रती खपल्या. शीर्षकाचा मराठी अर्थ ‘एका लैंगिक कामगार स्त्रीची आत्मकथा’ असा होतो. लेखिकेचे नाव नलिनी जमीला. एवढा खप व्हावा आणि त्याबरोबर वादही उसळावा, हे अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते पुढचे. पुस्तक हातोहात जात असताना खुद्द लेखिकेनेच जाहीर केले की, छापून आलेला मजकूर आपल्याला मान्य नाही. पहिला मजकूर त्यांच्या कथनावरून एका कार्यकर्त्याने शब्दबद्ध केला होता. नलिनी जमीला यांनी तो बाजूला ठेवून आपले आयुष्य पुन्हा एकदा सांगितले व दुसरे पुस्तक सिद्ध केले. या वेळीही लेखनाला इतरांचे साह्य होते, परंतु काय ठेवावे आणि काय वगळावे याचा निर्णय त्यांचा होता. जे. देविका यांनी इंग्रजीत आणलेले आणि २००७ साली प्रसिद्ध झालेले भाषांतर या दुसऱ्या मजकुराचे आहे.

वाङ्मयाच्या इतिहासात ही घटना साधी नव्हे. खपणारे पुस्तक नाकारण्याचे धैर्य प्रथितयश लेखकांनाही सहसा होत नाही. येथे तर अशी स्त्री आहे की, समाजाने तिला बोलण्याची संधी दिली हेच उपकार मानून तिने गप्प बसावे, असे अनेकांना वाटले असेल. दुसऱ्या पुस्तकाचे शीर्षकही सूचक आहे. पहिल्यात ‘एका’ स्त्रीची कथा होती. दुसऱ्याचे शीर्षक ‘मी’ या शब्दाने सुरू होते. ‘एका’पासून ‘मी’पर्यंतचे हे अंतर कसे पडते आणि ते ओलांडणे इतके कठीण का असते, हाच या प्रकरणातला खरा प्रश्न होय.

नलिनी जमीला यांचा जन्म १९५४ सालचा, केरळातील त्रिचूर जिल्ह्यातला. लहानपणापासून अंगमेहनत, पुढे विवाह, पतीचे निधन आणि पदरात दोन मुले, ही त्यांच्या आयुष्याची सुरुवात आपल्याकडील असंख्य कष्टकरी स्त्रियांच्या आयुष्यापेक्षा वेगळी नाही. मुलांना सांभाळण्यासाठी सासूने रोजचे पाच रुपये मागितले आणि मजुरीतून तेवढे सुटत नव्हते. या हिशेबातून त्या या व्यवसायाकडे वळल्या. त्यांच्या सांगण्यानुसार त्यांचा पहिला ग्राहक एक पोलीस अधिकारी होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पकडून मारहाण करणारेही पोलीसच होते. ही घटना त्या आक्रोश न करता सांगतात. पुस्तकाचा पुष्कळसा भाग भाड्याची घरे, मुलीचे संगोपन, आजारपण, पुरुषांचे स्वभाव, पोलीस ठाणी आणि पुढे संघटनेचे काम यांनी व्यापलेला आहे. २००१ सालापासून त्या केरळातील लैंगिक कामगारांच्या संघटनेच्या कार्यकर्त्या म्हणून पुढे आल्या आणि त्याच सुमारास त्यांनी लघुपटही केले.

अशा पुस्तकाकडे वाचक बहुधा दोनच अपेक्षा घेऊन येतो. त्याला चविष्ट तपशील हवे असतात किंवा पश्चात्तापाचे अश्रू हवे असतात. वरवर पाहता या दोन अपेक्षा परस्परविरोधी वाटतात. पहिली असभ्य आणि दुसरी सुसंस्कृत, असा आपला समज असतो. वस्तुतः दोन्हींमध्ये ती स्त्री वाचकाच्या गरजेपुरतीच शिल्लक राहते. एकीत तिने त्याचे कुतूहल शमवावयाचे असते, दुसरीत त्याच्या नीतिमत्तेला प्रमाणपत्र द्यावयाचे असते. नलिनी जमीला यांनी दोन्ही नाकारले. त्यांनी स्वतःसाठी ‘कामगार’ हा शब्द निवडला आणि नवऱ्याचा स्वयंपाक, त्याचे मळके कपडे आणि मुलांच्या बाबतीत त्याची परवानगी यांतून आपण मुक्त आहोत, असा हिशेब बायकांसमोर मांडला. केरळात सनातनी मंडळी संतापली आणि स्त्रीमुक्तीवादी म्हणवणाऱ्या काहींनाही हा सूर रुचला नाही. हा हिशेब मान्य करण्याचे बंधन कोणावरही नाही. परंतु तो तिचा हिशेब आहे आणि तो वगळून उरलेले पुस्तक ‘तिचे’ म्हणून विकणे ही फसवणूक ठरेल, एवढे तरी मान्य करावयास हवे.

दुसऱ्याने शब्दबद्ध केलेले आत्मचरित्र हा प्रकार मराठीला नवा नाही. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ १९७० साली पुस्तकरूपाने आले, ते त्यांनी अरुण साधू यांना सांगितलेल्या हकिगतीवरून. वाडकर या चित्रपट-अभिनेत्री होत्या. त्यांचा व्यवसाय वेगळा आणि प्रतिष्ठाही वेगळी. तरीही घर, पुरुष आणि कमाई यांविषयी एक स्त्री इतक्या मोकळेपणाने बोलते, याचा धक्का मराठी वाचकांना तेव्हा बसलाच. श्याम बेनेगल यांचा १९७७ सालचा ‘भूमिका’ हा चित्रपट याच पुस्तकावर आधारलेला आहे. तेव्हा कथन एकाचे आणि लेखणी दुसऱ्याची, ही पद्धत मुळात वाईट नाही. जिला लिहिता येत नाही किंवा लिहिण्याइतकी उसंत नाही, तिच्यासाठी तोच एक मार्ग असतो.

मात्र या मार्गावर निसरड्या जागा पुष्कळ आहेत. सांगणारी व्यक्ती आठवेल तसे सांगते. लिहिणारा त्याला कालक्रम देतो. ती आपल्या बोलीत सांगते. लिहिणारा ती बोली प्रमाण करतो किंवा उलट, अधिक ‘अस्सल’ वाटावी म्हणून ओबडधोबड करतो. सर्वांत मोठा हस्तक्षेप प्रश्नांचा असतो. ‘या धंद्यात कशी आलीस?’ हा प्रश्न पहिला विचारला की, सारे आयुष्य त्या एका घटनेभोवती गुंफले जाते. शिक्षकाला वा कारकुनाला आपले चरित्र सांगताना कोणी ‘या नोकरीत कसे अडकलात?’ एवढ्यावरच अडवून धरीत नाही. त्याला आईवडील, मित्र, आवडीनिवडी आणि मते असतात, हे गृहीत धरलेले असते. या स्त्रियांच्या बाबतीत ते गृहीत धरले जात नाही. मराठी व्याकरणही येथे साक्षीला येते. वेश्येविषयी लिहिताना आपली लेखणी आपोआप ‘ती’ म्हणते. तिने पुस्तक लिहिले की तीच स्त्री ‘त्या’ होते. आदर व्यक्तीला नसून पुस्तकाला आहे, हे यावरून कोणाच्याही लक्षात यावे.

हा झगडा आजचा नाही. कलकत्त्याच्या रंगभूमीवरील अभिनेत्री बिनोदिनी दासी यांचे ‘आमार कथा’ हे बंगाली आत्मकथन १९१२ सालचे. वेश्यावस्तीत जन्मलेली ही स्त्री त्या काळच्या बंगाली रंगभूमीची मानबिंदू ठरली. नवे नाट्यगृह उभे राहावे म्हणून, पैसा पुरवणाऱ्या धनिकाची आश्रित होणे तिने पत्करले. नाट्यगृहाला आपले नाव मिळेल, असे तिला सांगण्यात आले होते. १८८३ साली ते उघडले तेव्हा त्याचे नाव ‘स्टार’ होते. पुढे तिने आत्मकथन लिहिले आणि आपले गुरू गिरीशचंद्र घोष यांच्याकडे प्रस्तावना मागितली. त्यांनी ती लिहिली. परंतु अनेक खऱ्या गोष्टी तीत गाळल्या गेल्या म्हणून शिष्येचे समाधान झाले नाही. नवी प्रस्तावना लिहून देण्याचे घोष यांनी मान्य केले होते; ते होण्यापूर्वीच १९१२ साली त्यांचे निधन झाले. गुरूविषयी अपार भक्ती असूनही बिनोदिनींनी आपला असमाधानाचा सूर लपविला नाही. १८८३ चे ते नाट्यगृह आज नाही. त्याच नावाने पुढे दुसऱ्या जागी उभारलेल्या ‘स्टार’ला बिनोदिनींचे नाव देण्याची घोषणा पश्चिम बंगालच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी केली, ती २०२४ च्या डिसेंबरअखेर. शब्द पाळला जाण्यास १४१ वर्षे लागली, तीही दुसऱ्या इमारतीवर.

लेखणीवरचा हक्क मिळाला तरी कायद्याचा आणि नात्यांचा फास सुटत नाही. १९५६ साली झालेला अनैतिक व्यापारविषयक कायदा १९८६ च्या दुरुस्तीनंतर नव्या नावाने चालू आहे. त्यानुसार देहविक्रय हा स्वतःच गुन्हा नाही. परंतु कुंटणखाना चालविणे, सार्वजनिक जागी ग्राहकाला बोलाविणे आणि अठरा वर्षांवरील कोणीही अशा कमाईवर जगणे हे गुन्हे आहेत. म्हणजे आईने प्रामाणिकपणे लिहावयाचे ठरविले, तर तिच्या पैशावर शिकणाऱ्या सज्ञान मुलाचे शिक्षणसुद्धा संशयाच्या कक्षेत येऊ शकते. घरमालकीण, मैत्रीण, ग्राहक यांची नावे लिहावीत की झाकावीत? मुलीचे लग्न ठरावयाचे असेल तर? सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात दिलेल्या आदेशात या स्त्रियांना व त्यांच्या मुलांना सन्मानाने जगण्याचा अधिकार असल्याचे स्पष्ट केले आणि छाप्यांच्या बातम्यांत त्यांची ओळख उघड होणार नाही याची दक्षता घेण्यास सांगितले. ओळख लपविण्याचा हक्क असा मान्य झाला. स्वतःची ओळख स्वतःच्या अटींवर सांगण्याचा हक्क हा त्याचाच दुसरा अर्धा भाग आहे. तो कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने मिळणारा नव्हे. तो प्रकाशक, संपादक आणि वाचक यांनी द्यावयाचा आहे.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो टाळून चालणार नाही. फसवून, विकून, लहान वयात या बाजारात लोटल्या गेलेल्या मुलींचे काय? एका स्त्रीने ‘हे माझे काम आहे’ असे ठामपणे लिहिल्यामुळे त्यांच्या यातनांवर पडदा पडत नाही काय? पुस्तकाचा असा उपयोग कोणी करील तर तो निश्चितच निषेधार्ह होय. परंतु दोष एका पुस्तकाकडून जनगणनेचे काम अपेक्षिणाऱ्या वाचकाचा आहे. एका आत्मचरित्राने साऱ्या व्यवसायाविषयी निकाल द्यावा, ही अपेक्षा आपण वकिलाच्या वा डॉक्टरच्या आत्मचरित्राकडून कधी करीत नाही. फसवल्या गेलेल्या मुलीची हकिगत आणि नलिनी जमीला यांची हकिगत एकमेकींना खोटे पाडीत नाहीत. दोन्ही मिळून चित्र अधिक पूर्ण होते. यावर उपाय कमी पुस्तकांचा नसून अधिक पुस्तकांचा आहे.

महाराष्ट्राला हे समजणे अवघड जाऊ नये. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आले आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत दलित व भटक्या समाजातील स्त्रीपुरुषांनी आपली आयुष्ये स्वतःच्या भाषेत लिहिली. तेव्हाही ही घरातील लक्तरे वेशीवर कशाला, असे विचारणारे होतेच. आज तीच पुस्तके महाविद्यालयांत अभ्यासली जातात. तमाशातील स्त्रीच्या पोटी जन्मलेल्या मुलाची बाजू किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये मांडली आणि आईचे नाव आपल्या नावात अभिमानाने लावले. सांगलीत १९९६ साली स्थापन झालेल्या ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ या संघटनेतील स्त्रियांनी तर हिणविण्यासाठी वापरला जाणारा शब्दच आपल्या नावात घेतला. कामाठीपुऱ्यावर मराठीत कविता झाल्या, नाटके झाली, पाहणी-अहवाल झाले. त्यांतील बहुतेकांत पाहणारा डोळा बाहेरचा आहे. आतून लिहिणाऱ्या स्त्रीसाठी मराठी वाङ्मयात जागा आहे. प्रश्न ती कोणत्या अटींवर दिली जाणार, एवढाच आहे.

त्या अटी फार मोठ्या नाहीत. मजकूर छपाईला जाण्यापूर्वी तो सांगणारीला तिच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावा. तिने नको म्हटलेले वाक्य, ते कितीही खपाऊ असले तरी, काढून टाकावे. तिने आग्रह धरलेले वाक्य संपादकाला पटत नसले तरी ठेवावे. मानधनाचा करार तिच्या नावे असावा. मुलांची व इतरांची नावे तिच्या इच्छेप्रमाणे बदलावीत. मुखपृष्ठावर पाठमोरी, पदर ढळलेली स्त्री छापू नये. आणि पुस्तक आल्यानंतरही तिला वाटले की हे आपले झाले नाही, तर पुढील आवृत्तीत ते बदलण्याचा अधिकार तिचाच राहावा. ज्या स्त्रीचे आयुष्य पोलिसांच्या नोंदवहीत, दवाखान्याच्या कागदावर आणि शेजाऱ्यांच्या तोंडी इतरांनीच लिहिले, तिला निदान स्वतःच्या पुस्तकात खाडाखोड करता आली पाहिजे. नलिनी जमीला यांनी ती केली, आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागितली नाही.